शोभेच्या बुटक्या कोंबड्या: नव्या छंदींचे नेहमीचे प्रश्न

सिल्की, पॉलिश कॅप, कोचिन बँटम, सेब्राइट, सेरामा. बाजारात या सगळ्यांना मिळून ‘फॅन्सी कोंबड्या’ म्हणतात. या पाळायला घेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्राच्या हवेला धरून आहेत. युरोपातल्या थंडीचे सल्ले इथे चंद्रपूरच्या मे महिन्यात उपयोगी पडत नाहीत.

बँटम म्हणजे नेमकं काय?

लहान चणीची कोंबडी. त्यात दोन गट आहेत. ज्यांचं मोठं रूप मुळातच नाही ते खरे बँटम, उदाहरणार्थ सेब्राइट, जपानी बँटम, सेरामा. दुसरा गट मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्यांचा. सेब्राइट कोंबडा साधारण सहाशे ग्रॅमचा, सिल्की कोंबडा किलोभराचा, तर सेरामा अर्ध्या किलोच्याही आत. सिल्कीवर मात्र एकमत नाही. अमेरिकेच्या प्रमाणकांत ती बँटम आहे, ब्रिटनमध्ये मोठ्या कोंबड्यांत धरतात आणि तिचं बँटम रूप वेगळं मानतात. त्यामुळे परदेशी व्हिडिओत वजनाचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.

सुरुवात कुठल्या जातीने करावी?

सिल्की किंवा कोचिन बँटम. दोन्ही शांत आहेत, उंच उडत नाहीत, लहान मुलांच्या हातात राहतात आणि स्वतःची अंडी स्वतः उबवतात. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात, म्हणून पिसं केसांसारखी मोकळी दिसतात. तिच्या पायाला चारऐवजी पाच बोटं असतात आणि कातडी काळी असते. विकत घेताना ही दोन लक्षणं आधी बघा, कारण संकर केलेला माल ‘सिल्की’ म्हणून सर्रास विकला जातो. त्या पिल्लांत कुठे बोटं चार असतात, कुठे कातडी फिकट असते.

पॉलिश कॅप दिसते देखणी, पण डोक्यावरचा पिसांचा टोप डोळ्यांवर येतो. बिचारीला वरून आलेलं काहीच दिसत नाही, त्यामुळे ती दचकते आणि घारीला आयतीच सापडते. शिवाय तिच्या कवटीचा वरचा भाग फुगीर असतो आणि पिल्लांमध्ये तिथलं हाड पूर्ण भरलेलं नसतं. दुसऱ्या जातीच्या पिल्लांनी तिथे टोचलं तर पिल्लू दगावतं. पॉलिश ठेवायची तर वेगळी ठेवा आणि डोळ्यांपुढची पिसं कात्रीने कापा. प्रदर्शनाचा पक्षी नसेल तर त्यात काही बिघडत नाही.

सेब्राइट दुसऱ्या टप्प्यासाठी. सर जॉन सेब्राइट या इंग्रज सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घडवली. सोनेरी किंवा चंदेरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळी किनार. गंमत म्हणजे तिच्या कोंबड्याला कोंबड्याची पिसं येतच नाहीत. मानेवरची लांब टोकदार पिसं नाहीत, शेपटीचा विळा नाही, अंगावर सगळी मादीसारखी गोल पिसं. त्याच्या कातडीत नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर होत असल्यामुळे असं होतं. पण फलन कमी, अंडी कमी, पिल्लं नाजूक. घाई करू नका.

सेरामा मलेशियातल्या केलांतानची. छाती इतकी पुढे काढते की मान मागे जाते. फ्लॅटवाल्यांना ती हवीहवीशी वाटते, पण एकाच जोडीच्या पिल्लांत आकार लहान-मोठे येतात आणि थंडी तिला अजिबात सोसत नाही.

कुठलीही निवडा, पण एकच निवडा. पहिल्या वर्षी सहा जातींच्या सहा जोड्या आणणाऱ्याकडे तिसऱ्या वर्षी एकही जात शुद्ध उरत नाही. खुराडं एकच असतं आणि कोंबड्याला जात कळत नाही.

सिल्कीची काळी कातडी आणि कडकनाथची काळी कातडी एकच का?

हो. दोघींच्या गुणसूत्र 20 वर एकच जुनी उलथापालथ आहे आणि त्यामुळे कातडी, हाडं, मांस सगळीकडे काळं रंगद्रव्य पसरतं. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इंडोनेशियाच्या आयाम चेमानीतही तोच बदल आहे. काळं मांस औषधी म्हणून जो भाव लावला जातो, त्याच्याशी शोभेच्या पैदाशीचा संबंध नाही.

किती पक्ष्यांपासून सुरुवात करू? कोंबडा हवाच का?

एक कोंबडा आणि तीन-चार माद्या. नुसती जोडी घेऊ नका. एकटी मादी कोंबड्याखाली सतत दबून तिच्या पाठीची पिसं जातात. अंडी खायचीच असतील तर कोंबडा लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. सिल्की वर्षाला शंभर-सव्वाशेच्या आसपास अंडी देते, तीही मध्येच खुडूक बसत, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसत. अंड्यांचा हिशेब मांडणाऱ्याने या वाटेला न गेलेलं बरं.

सोसायटीत किंवा गच्चीवर पाळता येतात का?

महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते आधी विचारा, लेखी विचारा. खरी अडचण नियमांपेक्षा आरवण्याची असते. बँटम कोंबडा लहान असला तरी आवाज बारीक आणि लांब जाणारा, आणि पहाटे चारला सुरू होतो. रात्री त्याला पूर्ण अंधाऱ्या पेटीत ठेवून सकाळी सातला बाहेर काढलं तर आरवणं उशिरा सुरू होतं, थांबत मात्र नाही. पेटीला हवेची भोकं भरपूर हवीत, नाहीतर उन्हाळ्यात सकाळी कोंबडा जिवंत सापडणार नाही.

गच्चीचा दुसरा प्रश्न तापलेल्या स्लॅबचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यावर उघडा पाय ठेवून बघा. पन्हाळी पत्र्याचं खुराडं तिथे ठेवणं म्हणजे भट्टी पेटवणं. शेडनेटचे दोन थर, खाली जाड भुसा आणि सावलीची हमी असेल तरच गच्चीचा विचार करा.

खुराडं कसं असावं?

आत प्रत्येक पक्ष्याला निदान दोन चौरस फूट आणि बाहेर फिरायला चार. मोठ्या कोंबडीपेक्षा जागा कमी लागते, पण इतकीही कमी नाही की पिंजऱ्यात कोंबून ठेवावं.

जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी जमिनीत पुरा. घूस आणि मुंगूस भिंतीच्या कडेनेच उकरतात आणि आडवी जाळी लागली की सोडून देतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर उदमांजर येतं, ते साधी कडी पंजाने उघडतं. कडीला चिमटा किंवा कुलूप लावा. धामण अंडी आणि लहान पिल्लं गिळते, म्हणून पिल्लांच्या पेटीची भोकं आणखी बारीक हवीत.

सिल्की आणि कोचिन नीट उडत नाहीत. त्यांना बसायला दांडा जमिनीपासून फूटभरच असावा आणि कडा गोल केलेल्या असाव्यात. सिल्की बहुतेकदा दांडा सोडून कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून झोपतात. त्यांचं तसंच चालतं, खाली भाताचं तूस कोरडं असलं म्हणजे झालं.

पक्षी कुठून घ्यावेत?

ज्याच्याकडे आई-बाप बघायला मिळतात त्याच्याकडून. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात सगळं मिळतं, पण तिथे दहा गावांचे पक्षी एका पिंजऱ्यात असतात आणि रोगही दहा गावांचे. बाजारातून घेतलंच तर बघा: डोळ्यांत फेस नको, नाक कोरडं हवं, बुडाजवळची पिसं स्वच्छ हवीत, पायाचे खवले चपटे बसलेले हवेत. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी आतून खंगलेला आहे.

घरी आणल्यावर तीन ते चार आठवडे जुन्या पक्ष्यांपासून पूर्ण लांब. भांडी वेगळी, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. हा नियम न पाळणाऱ्याला पुढे औषधांच्या प्रश्नांवर कितीही उत्तरं दिली तरी उपयोग नसतो.

‘इंपोर्टेड ब्लडलाइन’ हा शब्द ऐकलात तर कागद मागा. परदेशातून जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी आणायला सरकारी परवाना आणि विलगीकरण लागतं. ज्याने ते खरंच केलंय तो कागद अभिमानाने दाखवतो.

खायला काय घालायचं?

पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य, मग वाढत्या पक्ष्यांचं ग्रोअर, आणि तलंगा अंड्यावर आल्या की लेयर खाद्य. लेयरमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. ते पिल्लांना घातलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून ‘एकच पोतं सगळ्यांना’ हा हिशेब चालत नाही. कोंबडे आणि कोंबड्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्यांना हवा त्या खातात.

बँटम दिवसाला पन्नास ते सत्तर ग्रॅम खाते. नुसते तांदूळ आणि बाजरी टाकून पिसांना चकाकी येत नाही. पिसं म्हणजे प्रथिनंच. पिसं झडायच्या काळात थोडं उकडलेलं अंडं, भिजवलेली सोयापेंड किंवा सुकट द्या. सुकट धुऊन द्या, त्यात मीठ फार असतं. लसूणघास, शेवग्याचा पाला, पालक हे सगळं चालतं. फरसाण, शिळं तिखट कालवण, चॉकलेट, कच्चे राजमा-वाल नको.

पावसाळ्यात मका हातात घेऊन वास घ्या. बुरशीचा जरा जरी वास आला तर तो मका टाकून द्या, वाळवून घालू नका. बुरशीचं विष वाळवून जात नाही आणि लहान अंगाच्या पक्ष्याला ते लवकर चढतं.

उन्हाळा आणि पावसाळा यांत जास्त काळजी कशात?

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात, कोकणात पावसाळ्यात.

कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. तेवढ्यावर भागलं नाही तर मान टाकते. दाणा पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी फक्त गार पाणी. माठातलं पाणी उत्तम. जाळीवर ओलं गोणपाट बांधा, पण वारा अडवू नका. पाय बुडतील एवढं उथळ पाणी घमेल्यात ठेवलं तर कोचिनसुद्धा येऊन उभ्या राहतात. कोसळलेल्या पक्ष्याला बर्फात घालू नका, पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओला करून सावलीत वाऱ्याला ठेवा.

सिल्कीच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, ती स्पंजासारखी भिजते आणि गारठून मरते. तिला पावसात सोडायचंच नाही. पायावर पिसं असणाऱ्या कोचिनच्या पायांना चिखलाचे गोळे लटकतात, ते कोमट पाण्यात भिजवून काढा, ओढू नका. तूस ओलं झालं की अमोनियाचा वास येतो. तुमच्या नाकाला तो लागला म्हणजे कोंबडीच्या डोळ्यांना कधीच लागलेला असतो. भिजलेलं काढा, उरलेलं खालीवर करा, थोडा चुना भुरभुरा.

लसी कोणत्या आणि कधी?

मानमोडी, म्हणजे राणीखेत, यासाठी लस चुकवू नका. 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही इंजेक्शनची लस. गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस साधारण दोन आठवड्यांना. देवीची सहा ते आठ आठवड्यांना, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाकडून वेळापत्रक तपासून घ्या, कारण आसपास कुठला रोग आहे हे त्यांना ठाऊक असतं.

अडचण वेगळीच आहे. लसीची सगळ्यात लहान बाटली शंभर मात्रांची असते आणि तुमच्याकडे पिल्लं बारा. एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, दुसऱ्या दिवशीसाठी फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. तालुक्यातल्या चार-पाच छंदींनी एकाच आठवड्यात पिल्लं काढायची आणि एका सकाळी सगळ्यांनी मिळून बाटली फोडायची, हा सगळ्यात सोपा मार्ग. बाटली दुकानातून आणताना बर्फाच्या डब्यात आणा. दुचाकीच्या डिकीत उन्हात तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

मॅरेकची लस पिल्लू निघाल्याच्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून ती हॅचरीतच शक्य होते. सिल्कीला मॅरेक लवकर होतो. तरुण पक्षी एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेला दिसला तर बहुतेक तोच. उपाय नाही, तो पक्षी वेगळा काढा आणि त्या घराण्यातल्या किती जणांना होतो याची नोंद ठेवा. जे घराणं टिकतं त्याचीच पैदास करा.

आजारी पडल्या तर घरी काय करता येतं?

थोडंच. रक्ती हगवण ओळखता येते: पिल्लं तीन ते आठ आठवड्यांची, पिसं फुगवून उभी, विष्ठेत रक्त. पाण्यातून अँप्रोलियम देतात, मात्रा डॉक्टरांना विचारून. तूस त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात हा ठरलेला पाहुणा.

पायाचे खवले उभे राहून पांढरट खडबडीत झाले तर खवल्यांखाली किडे आहेत. पाय कोमट पाण्यात धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलिन जाड थापा, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. पायांवर पिसं असणाऱ्या जातींत हे पिसांखाली लपून राहतं, बोटाने चाचपून बघा. लाल माईट वेगळे. ते दिवसा लाकडाच्या फटीत असतात आणि रात्री रक्त पितात. रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या टोकांना बघा. खुडूक बसलेली कोंबडी अंडी सोडून उठली तर आधी हेच तपासायचं.

मान वाकडी होणं, हिरवी हगवण, श्वासाची घरघर आणि दोन दिवसांत दोन-तीन पक्षी जाणं हे घरगुती उपायांचं काम नाही. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

कोंबडीखाली अंडी बसवू की मशीन घेऊ?

खुडूक कोंबडी असेल तर मशीन घेऊ नका. कोकणात ज्याला रवण बसवणं म्हणतात ते सिल्की इतक्या मनापासून करते की गोल्फचा चेंडू ठेवला तरी उबवते. तिच्याखाली तिच्या मापाची आठ-दहा अंडी मावतात. अंधारी शांत जागा द्या, दाणापाणी जवळ पण हातभर लांब ठेवा म्हणजे ती दिवसातून एकदा तरी उठेल. दोन खुडूक कोंबड्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींची अंडी पळवतात, मध्ये फळी घाला. दुसऱ्या कोंबड्यांना तिच्या जागेवर अंडी घालू देऊ नका, नाहीतर एकाच घरट्यात दहा दिवसांची आणि एका दिवसाची अंडी होतात आणि पहिली पिल्लं निघाली की बाकीची वाया जातात. बसवतानाच पेन्सिलने खुणा करा.

मशीनमध्ये पिल्लं भरून येतात पण बाहेर पडत नाहीत. का?

बहुतेक वेळा ओलाव्यामुळे, नाहीतर खोट्या थर्मामीटरमुळे. पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश हवं. थर्माकोलच्या खोक्यातल्या देशी मशीनचा डिस्प्ले अर्धा-एक अंश चुकलेला असणं नेहमीचं आहे. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून पडताळा.

ओलावा पहिले अठरा दिवस 45 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. पण आकड्यापेक्षा अंड्याचं वजन जास्त खरं बोलतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 12-13 टक्क्यांनी घटायला हवं. सोनाराकडचा छोटा काटा यासाठी उत्तम. रत्नागिरीत जुलैमध्ये मशीनमध्ये पाणी भरलं तर वजन घटतच नाही, अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. त्या महिन्यात पहिले अठरा दिवस पाण्याची वाटी कोरडीच ठेवा. नागपुरात मार्चमध्ये नेमकं उलट.

आणि एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: मशीन फक्त तापवतं, गार करत नाही. खोलीच 41 अंशांवर गेली तर कंट्रोलर बल्ब बंद करून गप्प बसतो आणि अंडी शिजतात. वीज गेल्याने काही तास गार झालेली अंडी बहुधा वाचतात, वरून चादर टाकायची. तापलेली वाचत नाहीत. आपल्याकडे उबवणीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा मध्य.

बाकी नेहमीचं: अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, साठवताना निमुळतं टोक खाली, दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची आणि अठराव्या दिवशी थांबायचं. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा, शिरांचं जाळं दिसलं नाही तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी झाकण उघडू नका. सेरामाची पिल्लं एक-दोन दिवस आधीच निघतात. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज राहतं. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या टवका पडलेल्या अंड्यात शिरतात.

पार्सलने मागवलेली अंडी फुटतात का?

कवच शाबूत असतं, आतली हवेची पोकळी सुटलेली असते. आल्यावर निमुळतं टोक खाली ठेवून चोवीस तास नुसती ठेवा, मग मशीनमध्ये. निम्मी निघाली तरी चांगलं समजा आणि विकणाऱ्याशी भांडू नका.

पिल्लांना उष्णता किती?

पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली ढीग म्हणजे थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी म्हणजे उष्णता, सगळीकडे पसरलेली म्हणजे ठीक. बल्ब पेटीच्या एका टोकाला लावा, म्हणजे त्यांना लांब जाता येतं. खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात. जुनं सुती कापड घाला. बँटमची पिल्लं एवढीशी असतात की नेहमीच्या पाण्याच्या भांड्यात बुडून मरतात. भांड्यात गोट्या टाका.

नर-मादी कधी ओळखता येतात?

सेब्राइट, कोचिनमध्ये तुऱ्याच्या वाढीवरून दीड-दोन महिन्यांत अंदाज येतो. सिल्कीत चार-पाच महिने थांबा. मादीच्या डोक्यावरचा झुपका गोल गोंड्यासारखा राहतो, नराच्या झुपक्यातून मागे लांब पिसं निघतात. दीड महिन्याची ‘पक्की मादी’ विकणारा एकतर फार जाणकार आहे किंवा तुम्हाला ओळखून आहे.

जोड लावताना आनुवंशिकतेचं किती कळायला हवं?

तीन-चार गोष्टी, पण त्या पक्क्या.

कुरळ्या पिसांची फ्रिझल घ्या. कुरळेपणाचं एकच जनुक मिळालं तर पिसं सुंदर उलटी वळतात. दोन मिळाली तर पिसं ठिसूळ होऊन तुटतात, पक्षी जवळजवळ उघडा पडतो आणि थंडी-ऊन सोसत नाही. म्हणून फ्रिझल कोंबड्याला साध्या पिसांची मादी लावायची. निम्मी पिल्लं कुरळी, निम्मी साधी, आणि एकही उघडं नाही. दोन्ही फ्रिझल लावले तर चारात एक उघडं.

जपानी बँटमचे आखूड पाय याहून कठोर आहेत. दोन्हीकडून आखूड पायाचं जनुक मिळालेलं पिल्लू अंड्यातच मरतं. दोन्ही पालक आखूड पायांचे असले की पाव अंडी अशी जातात आणि लोक मशीनला दोष देतात. एक लांब पायांचा पालक घेतला तर मर थांबते, पण निम्मी पिल्लं लांब पायांची येतात. ती फेकू नका, पुढच्या जोडीला लागतात.

निळा रंग कधीच पक्का होत नाही. निळा-निळी जोडीतून निम्मी निळी, पाव काळी, पाव पांढरट ठिपक्यांची, ज्याला स्प्लॅश म्हणतात. सगळी निळीच हवी असतील तर काळ्याला स्प्लॅश लावा.

सिल्कीची पिसं मागे दडणारी आहेत, म्हणजे जनुक दोन्ही पालकांकडून आलं तरच दिसतात. सिल्की आणि गावठी यांची पहिली पिढी सगळी साध्या पिसांची निघते. लोक निराश होऊन ती विकून टाकतात. त्याच पिल्लांच्या पुढच्या पिढीत चारात एक सिल्की पिसांची येते.

किती पिढ्या एकाच घराण्यात जोड लावता येते?

भाऊ-बहीण लावत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांतच अंडी रिकामी जाऊ लागतात आणि पिल्लं अशक्त होतात. तीन कप्पे करा. मादी पिल्लू ज्या कप्प्यात जन्मलं त्याच कप्प्यात राहील, नर पिल्लू मोठं झाल्यावर पुढच्या कप्प्यात जाईल. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. बाहेरून पक्षी न आणता कित्येक वर्षं निघतात. त्यासाठी पायात नंबरची कडी आणि एक वही लागते. वही नसेल तर त्याला पैदास म्हणू नये, पक्षी आपोआप वाढतायत एवढंच.

कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी उबवायला घेऊ नका. जुन्या नराचं बीज मादीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका. सिल्की-कोचिनमध्ये फलन कमी दिसलं तर नराला दोष देण्याआधी दोघांच्या बुडाभोवतीची दाट पिसं कापून बघा.

जास्तीच्या नरांचं काय करायचं?

हा प्रश्न पहिली अंडी ठेवण्याआधी विचारा. निघणाऱ्या पिल्लांत निम्मे नर असतात, आणि घेणारा प्रत्येक जण एक नर, चार माद्या मागतो. उरलेले कुठे जातात? काही जण फक्त नरांचा वेगळा कळप ठेवतात. माद्या नजरेआड असतील तर लहानपणापासून एकत्र वाढलेले नर बऱ्यापैकी नांदतात. काही जण सरळ रस्सा करतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. हे दोन्ही जमणार नसेल तर वर्षाला एकच उबवणी काढा. देवाला सोडलेला कोंबडा किंवा मोकळ्या माळावर सोडून दिलेला सिल्की, हे उत्तर नव्हे. तो रात्रभरही टिकत नाही.

झुंजीसाठी कोणी विचारलं तर नाही म्हणा. प्राण्यांच्या झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सह्याद्रीतल्या रानकोंबड्याशी जोड लावली तर?

करू नका. करडा रानकोंबडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पकडणं, त्याची अंडी उचलणं, घरी ठेवणं सगळंच गुन्हा. त्याचा अंश तसाही आपल्या खुराड्यात आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीतला आणि पायांतला पिवळा रंग याच करड्या रानकोंबड्याकडून आला, हे 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. बाकीचं बहुतेक घराणं लाल रानकोंबड्याचं.

बर्ड फ्लू आला तर शोभेचे पक्षी वाचतात का?

नाही. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, तेव्हापासून पद्धत तीच आहे. संसर्ग सापडलेल्या ठिकाणाच्या ठरावीक परिघातले सगळे पाळीव पक्षी नष्ट केले जातात, शोभेचे असोत की गावठी. भरपाई सरकारी दराने, तुम्ही दिलेल्या किमतीने नाही. उद्रेकाची बातमी आली की बाजार, प्रदर्शन, पाहुण्यांचे पक्षी सगळं बंद. खुराड्यासाठी वेगळ्या चपला ठेवा आणि कावळे-बगळे पाण्याच्या भांड्याला तोंड लावणार नाहीत असं बघा. आपल्या चांगल्या घराण्याचे काही पक्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या मित्राकडेही ठेवून द्यावेत, पण ते उद्रेकाच्या आधी, नंतर नाही.

यात पैसे मिळतात का?

खाद्याचा खर्च निघतो, कधी थोडा वर. एखाद्या जातीची लाट येते, भाव चढतो, सगळे तीच पिल्लं काढतात आणि वर्ष-दीड वर्षात भाव बसतो. टिकतो तो ज्याच्याकडची सिल्की पाच बोटांची, काळ्या कातडीची आणि लस दिलेली निघते. त्याचे पक्षी निघायच्या आधीच सांगून ठेवलेले असतात.

चार दिवस गावाला जायचं असेल तर?

दाणा-पाणी चार दिवसांचं ठेवून जाता येतं असं व्हिडिओत दाखवतात. उन्हाळ्यात एक भांडं लवंडलं की संपलं. शेजाऱ्याला रोज संध्याकाळी एक फेरी मारायला सांगा, पाणी दोन वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा, अंडी त्यालाच घेऊन जाऊ द्या. आणि खुराड्याची कडी कशी लागते हे तोंडी न सांगता त्याच्याकडूनच एकदा लावून घ्या.